सीडी, चिमटा आणि हिरवा किरण

मागच्या अंकात दुर्बिणीच्या स्टँडविषयी लिहिताना ओघात एक वाक्य निसटलं होतं: हौशी निरीक्षकाच्या पिशवीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बेभरवशाची वस्तू म्हणजे लेझर पॉइंटर. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. नाशिकला तीस वर्षं आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या पोरांना शिकवत होतो. ज्याला स्क्रू आहे ते उघडून बघायचं, ही खोड तिथली. तेव्हा उत्तरं जरा वर्कशॉपच्या वासाची असतील. निम्म्याअधिक पत्रांत 'जास्त पॉवर कशी मिळेल' असं विचारलंय. माझं म्हणणं आधीच सांगतो. लेझर सुधारायचा म्हणजे त्याची पकड, त्याची सरळ रेघ आणि त्याचं बटण सुधारायचं. पॉवर आहे तीसुद्धा बहुधा जास्तच असते.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत अमावास्येच्या आसपास आकाशदर्शन घेतो. ऑनलाइन मागवलेला साडेतीनशे रुपयांचा हिरवा लेझर आहे. पेनावर '५ मिलिवॅटपेक्षा कमी' आणि खोक्यावर '१०० मिलिवॅट' असं दोन्ही छापलंय. खरं कोणतं धरायचं? मुलांसमोर वापरावा का?
(एक शिक्षक, जिंतूर)

गुरुजी, दोन्ही आकडे छापणाऱ्याच्या मर्जीचे. अमेरिकेत एनआयएसटी ही मोजमापांची सरकारी संस्था आहे. त्यांनी बाजारातले १२२ पॉइंटर आणून मोजले आणि २०१३ साली निकाल जाहीर केला. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर तिथल्या सुरक्षेच्या नियमात बसले नाहीत. तिकडे ही तऱ्हा, तर आपल्या साडेतीनशेच्या पेनावरच्या अक्षरांना काय किंमत द्यायची?

हिरव्या पेनाची खरी भानगड पोटात असते. बहुतेक स्वस्त पेनांत हिरवा प्रकाश देणारा डायोड नसतोच. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश देतो. तो एका स्फटिकावर पडतो, तिथून १०६४ नॅनोमीटरचा निघतो, तोही अदृश्यच. दुसरा स्फटिक त्या तरंगलांबीचे बरोबर दोन भाग करतो आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण बाहेर पडतो. वाटेत उरलेला अवरक्त प्रकाश अडवायला शेवटी एक छोटी फिल्टरची काच लागते. पैसे वाचवायचे झाले की पहिला बळी या काचेचा. याच संस्थेच्या लोकांनी २०१० साली १० मिलिवॅटचा म्हणून घेतलेला एक पेन तपासला. त्यातून हिरवा प्रकाश जेमतेम येत होता आणि अवरक्त मात्र २० मिलिवॅटच्या आसपास. हिरवा झोत डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते. अवरक्ताला पापणी मिटत नाही, कारण काही दिसतच नाही.

हे घरी, म्हणजे तुमच्या शाळेत, तपासता येतं. एक जुनी सीडी लागेल. निवडणूक प्रशिक्षणाची तरी कपाटात असेलच. एका पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मधोमध पेन्सिलीएवढं भोक पाडा. पुठ्ठ्यासमोर बरोबर १० सेंटिमीटरवर सीडी उभी करून चिकटवा, चकाकती बाजू पुठ्ठ्याकडे. पुठ्ठ्यामागे लेझर घट्ट बांधून किरण भोकातून सीडीच्या चकाकत्या भागावर काटकोनात सोडा. सीडीवरच्या रेघा दीड-पावणेदोन मायक्रॉन अंतरावर असतात, त्या किरणाला फोडतात आणि ठिपके पुठ्ठ्यावर येऊन पडतात. पहिला हिरवा ठिपका भोकापासून साधारण साडेतीन सेंटिमीटरवर पडेल, दुसरा नवाच्या जरा अलीकडे. आता खोलीत अंधार करा आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पुठ्ठा बघा. त्याआधी टीव्हीचा रिमोट त्या कॅमेऱ्यासमोर दाबून बघा. रिमोटचा दिवा कॅमेऱ्यात चमकताना दिसला तरच तो या कामाचा, कारण पुष्कळ कॅमेऱ्यांना अवरक्त अडवणारी काच असते. दोन हिरव्या ठिपक्यांच्या मधे, सहाच्या किंचित अलीकडे, डोळ्याला कोरा दिसणारा कागद कॅमेऱ्यात उजळलेला दिसला, तर ती ८०८ ची गळती. हा डाग हिरव्या ठिपक्याइतका रेखीव नसतो, पसरट असतो, तेव्हा नीट बघा. १०६४ चा ठिपका मात्र असा वेगळा काढता येत नाही. तो बरोबर दुसऱ्या हिरव्या ठिपक्यावरच पडतो. आधी दुप्पट होता, नंतर अर्धा झाला, त्याचा हा हिशेब. हे सगळं करताना सीडीकडे थेट बघायचं नाही, मुलांना पुठ्ठ्याच्या मागेच बसवायचं.

माझ्याकडच्या तीन पेनांपैकी एकात डाग निघाला. पेन उघडला तर फिल्टर बसवायची खाच होती, फिल्टर नव्हता. पोरं सायकलला पाठीमागचा रिफ्लेक्टर नुसता कागदाचा लावतात, त्यातला प्रकार.

शक्तीचा अंदाज घ्यायला बागेतल्या सोलर दिव्याची छोटी काळी पट्टी सोडवून घ्या. तिच्या दोन तारा मल्टिमीटरच्या मिलिअँपिअरच्या रेंजवर लावा आणि अंधारात किरण पट्टीच्या एकाच खणात पूर्ण मावेल असा धरा. पट्टीतले बाकीचे खण अंधारात राहिले तर मीटर कमी दाखवतो, म्हणून एकच खण वेगळा काढता आला तर उत्तम. ५ मिलिवॅटच्या हिरव्या किरणाला साधारण दीड मिलिअँपिअर येतो. तीनच्या वर गेलात तर तो पेन कपाटात. हा अंदाजच आहे, प्रयोगशाळेचं मोजमाप नव्हे. शिवाय पट्टीला अवरक्तही समजतं, म्हणून सीडीची परीक्षा आधी.

दोन्हीत पास झाला तर वापरा. पण पेन तुमच्याच हातात राहू दे, सगळ्यात हुशार मुलाच्या हातातसुद्धा नको. मुलांना तुमच्या पाठीमागे किंवा बाजूला बसवा, समोर नको. आणि गच्चीवर स्टीलची टाकी असेल तर तिकडे पाठ करून उभे राहा. एका शिबिरात माझा हात घसरला, किरण पाण्याच्या स्टीलच्या पिंपावर आपटला आणि पलीकडच्या रांगेत बसलेल्या एका मुलीच्या गालावरून फिरला. काही झालं नाही, पण त्या रात्री मी पुढे बोटानेच तारे दाखवले.

काका, डिसेंबरमध्ये भंडारदऱ्याला गेलो होतो. रात्री दहाला लेझर झकास चालला. पहाटे तीनला सिंह रास दाखवायला काढला तर मिणमिण करायला लागला. नवे सेल घातले तरी तेच. मित्र म्हणतो आत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की पॉवर वाढते. फिरवू का?
(बारावीचा विद्यार्थी, संगमनेर)

नको फिरवूस. मी फिरवलाय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, निफाडच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत, गाडीच्या बॉनेटवर घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन. केसभर फिरवला आणि किरण असा काही पेटला की आम्ही चौघं ओरडलो. चार मिनिटांनी तो विझत विझत देवघरातल्या झिरोच्या दिव्याएवढा झाला तो कायमचा. तो पेन आता माझ्या टेबलावर विजेच्या बिलांवर वजन म्हणून ठेवलेला असतो.

तुझा पेन बिघडलेला नाही, गारठलाय. वर गुरुजींना सांगितलं तसा आत ८०८ चा डायोड असतो. तापमान एका अंशाने उतरलं की त्याचा रंग सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकतो. संध्याकाळच्या पंचवीस अंशांवरून पहाटेच्या पाच अंशांवर आलास म्हणजे सहा नॅनोमीटर गेले. पुढच्या स्फटिकाला मात्र नेमका ८०८ च्या आसपासचाच प्रकाश पचतो. म्हणजे डायोड वाढतोय तेवढंच, पण खाणाऱ्याला ते पान रुचत नाही. यात स्क्रू फिरवून ताटात आणखी वाढण्यात काय अर्थ? डायोड जळायचा तेवढा जळतो. शिवाय सकाळी ऊन आलं की तोच पेन तुझ्या ठरवलेल्या शक्तीच्या कितीतरी वर जाईल, ते वेगळंच.

उपाय म्हणशील तर पेन शर्टाच्या आतल्या खिशात ठेव. काढायचा, दहा सेकंद दाखवायचा, परत आत. सेलही तिथेच ठेव. हिरवा पेन दोन-तीनशे मिलिअँपिअर ओढतो आणि गार सेलला ते झेपत नाही. आमच्या गटातले एक गृहस्थ पेनाला लोकरीचा मोजा घालायचे. हसायला येतं, पण पहाटे चारला त्यांचाच लेझर चालू असायचा.

हल्ली ५२० नॅनोमीटरचे थेट हिरवे डायोड मिळायला लागलेत. त्यात स्फटिकांची भानगड नाही, म्हणून ते थंडीत रुसत नाहीत आणि ८०८ ची गळतीही नाही. किरण जरा जाड असतो, तेवढं सोसायचं. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, त्याला दोन्ही 'ग्रीन लेझर'च. पेन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव आणि काढल्या काढल्या भिंतीवर मार. मलूल झाला तर जुन्या जातीचा. आईला आधी सांगून ठेव, नाहीतर कोथिंबिरीच्या डब्यात पेन सापडला म्हणून आमच्याकडे झालं तसं होईल.

मी एका कार्यशाळेत ६ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची, आरशाची) दुर्बीण बनवली, आरसा स्वतः घासला. एफ ८ आहे, म्हणजे नाभीअंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट. गाडीतून नेली-आणली की आरशांची जुळणी बिघडते. ही जुळणी करायचा तयार लेझर कोलिमेटर महाग वाटतो. मुलाच्या किल्लीच्या जुडग्यात लाल लेझर आहे, त्यातून घरी करता येईल का?
(कोल्हापूर)

करता येईल, आणि मनापासून केलात तर स्वस्तातल्या तयार मालापेक्षा बरा होईल. ओळखीतल्यांचे तयार कोलिमेटर मी तपासलेत. जो दुसऱ्याला सरळ करायला निघालाय तो स्वतःच वाकडा, असे त्यात निघाले. आरसा स्वतः घासलेल्या माणसाला हे काम म्हणजे रविवारची दुपार.

अंगासाठी नळी हवी ती फोकसरमध्ये, म्हणजे डोळ्याकडचं भिंग बसतं त्या तोंडात, बसणारी, म्हणजे सव्वा इंची, ३१.७५ मिलिमीटर. पूर्वी कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी यात जवळपास चपखल बसायची. एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारा, माळ्यावर खोकं भरून असतात. नाही मिळाली तर वायरिंगचा ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. पाव मिलिमीटर जाड पडतो, तो सँडपेपरने उतरवा. लेथवाला ओळखीचा असेल तर काम पाच मिनिटांचं. कोल्हापुरात लेथवाला ओळखीचा नसेल असं मला वाटत नाही.

पाइपचा तुकडा दहा सेंटिमीटरचा ठेवा. वरच्या टोकाशी तीन आणि खालच्या टोकाशी तीन, १२० अंशांवर भोकं पाडून ३ मिलिमीटरचे स्क्रू बसवा. पीव्हीसीत आटे लवकर मरतात, म्हणून बाहेरून नट एम-सीलने चिकटवलेले बरे. लेझर या सहा स्क्रूंच्या मधे अधांतरी धरलेला राहील. किल्लीच्या जुडग्यातल्या लेझरमध्ये तीन बटण सेल असतात, ते पंधरा मिनिटांत दमतात. मी ते काढून टाकले आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं ६ मिलिमीटर व्यासाचं पितळी लाल मोड्यूल दोन पेन्सिल सेलवर चालवतो. तुम्ही मूळचाच वापरणार असाल तर बटण दाबून धरायला कपड्याचा चिमटा. याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

आता खरं काम. लाल ठिपका लंबगोल आणि फिसकटलेला असतो. तोंडावर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा लावून त्याला टाचणीने एक मिलिमीटरचं भोक पाडा, ठिपका लगेच शहाणा होतो. मग व्ही ब्लॉक घ्या. नसेल तर फळीवर चार खिळे दोन-दोनच्या जोडीने इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे ठोका. त्यावर नळी ठेवून पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि नळी जागच्या जागी फिरवा. ठिपका भिंतीवर वर्तुळ काढेल. ते २० मिलिमीटर व्यासाचं असेल तर किरण नळीच्या अक्षाला दोन मिलिरेडियन (मीटरला दोन मिलिमीटर) वाकडा आहे, म्हणजे १२०० मिलिमीटरवरच्या तुमच्या आरशाशी अडीच मिलिमीटरची चूक. स्क्रू थोडे थोडे सैल-घट्ट करत वर्तुळ लहान करत जा. पहिल्यांदा मला दोन तास लागले होते. आमच्या घरी तेवढ्यात पुरणपोळ्या झाल्या आणि मी भिंतीवर ठिपका फिरवत होतो. वर्तुळ तीन-चार मिलिमीटरवर आलं की थांबा आणि स्क्रूंवर नेलपॉलिशचा थेंब टाका. परत हलायचे नाहीत.

मुख्य आरशाच्या मध्यावर खूण हवी. आरशाएवढा गोल कागद कापा, चार घड्या घाला, टोक कापा, आरशावर ठेवून बिंदू करा. त्यावर फाइलच्या कागदाच्या भोकाला लावतात ती चिकट रिंग लावा. स्वतः घासलेल्या आरशावर काही चिकटवायला जीव होत नाही हे मी समजू शकतो. पण तो भाग दुय्यम आरशाच्या, म्हणजे नळीच्या तोंडाशी तिरप्या बसवलेल्या छोट्या आरशाच्या, सावलीतलाच, तिथून तसाही प्रकाश मिळत नाही.

पहिल्यांदा चालू करताना नळीच्या तोंडावर कागद लावा, कारण किरण दुय्यम आरसा चुकवून सरळ बाहेर येऊ शकतो. मग दुय्यम आरशाचे स्क्रू फिरवून ठिपका रिंगच्या मधोमध आणा. त्यानंतर मुख्य आरशाचे स्क्रू फिरवून परत येणारा किरण निघाला त्याच भोकात पाठवा. रिंगच्या मधोमध आला की मुख्य आरशाकडे वळायचं, परत दुय्यमकडे जायचं नाही. निम्मे लोक इथेच चकरा मारतात.

तुमच्याकडे बार्लो भिंग (प्रतिमा आणखी मोठी करायला फोकसरमध्ये घालतात ते) असेल तर शेवटची पायरी आणखी पक्की होते. लेझर बार्लोत घाला आणि बार्लोच्या खालच्या तोंडाला मधे भोक पाडलेली पांढऱ्या कागदाची चकती लावा. किरण पसरतो, सगळी रिंग उजळते आणि तिची सावली त्या चकतीवर पडते. दुर्बिणीच्या तोंडातून तिरकं डोकावलंत की मुख्य आरशात फोकसरचं खालचं तोंड दिसतं, तिथे बघत सावली भोकाभोवती आणायची. गंमत अशी की यात लेझर थोडा वाकडा बसला असला तरी मुख्य आरशाची जुळणी फारशी बिघडत नाही. मग दोन तास वर्तुळ का काढायला लावलं असं विचाराल. दुय्यम आरशासाठी तो सरळच लागतो.

तुमचं नशीब चांगलं, एफ ८ फार क्षमाशील असते. चूक खपवून घेण्याची मर्यादा एफच्या आकड्याच्या घनाप्रमाणे बदलते. म्हणजे एफ ५ ची दुर्बीण असती तर चौपट काटेकोर राहावं लागलं असतं. शेवटचा निकाल मात्र ताऱ्यावर लावा. डॉब्सोनियनला मोटर नाही, म्हणून ध्रुव घ्या, तो पळत नाही. जरा फोकस बिघडवून कडी एकात एक मधोमध दिसतात का बघा. कोल्हापुरातून ध्रुव सतरा अंशांच्याही खाली असतो, हवा थरथरते. दहा मिनिटं बघत राहा, मधेच एखादा स्थिर क्षण मिळतो.

वय ६३, मानेचा स्पॉन्डिलायटिस. ११४ मिलिमीटरची दुर्बीण आहे, पण फाइंडरमध्ये, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत, डोकवायला मान वळवता येत नाही. हिरवा लेझर दुर्बिणीवर बसवला तर मान न वाकवता नेम धरता येईल, असं वाचलं. कसा बसवू?
(डोंबिवली)

ताई, बसवायला सोपा आहे. दुर्बिणीवर फाइंडरचं कडं असतंच. त्यात पेन मावेल असा पीव्हीसीचा तुकडा घालायचा आणि तीन-तीन स्क्रूंनी पेन मधे धरायचा, वर कोल्हापूरकरांना सांगितलं तसंच. शेपटीचं बटण काढून तिथून दोन तारा बाहेर आणायच्या आणि दाबलं तरच चालणारं घंटीचं छोटं बटण लावायचं. चालू करून सोडून देता येईल असं बटण कधीही लावू नका. पेनाची रेघ दुर्बिणीशी जुळवताना डोक्यावरचा ठळक तारा घ्या, ध्रुव नको. डोंबिवलीत ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर. तिकडे सोडलेला किरण समोरच्या टॉवरच्या पंधराव्या मजल्यावर कुणाच्या तरी हॉलमध्ये जाईल.

पण खरं सांगू का, डोंबिवलीतून मी हे करणारच नाही. तुमच्या डोक्यावर विमानांची ये-जा असते. ५ मिलिवॅटचा हिरवा किरण डोळ्याला इजा करण्याच्या दृष्टीने साधारण १६ मीटरपर्यंत धोक्याचा. पण रात्री वैमानिकाचे डोळे दिपवायला तो ८० मीटरवर पुरतो, साडेतीनशे मीटरवर झगझगतो आणि साडेतीन किलोमीटरवरही लक्ष उडवतो. कॉकपिटच्या काचेवर ओरखडे असतात, त्यावर पडला की सगळी काच हिरवी होते. मुंबई-पुण्यात विमानतळाच्या परिसरात आकाशात लेझर सोडायला बंदीचे पोलिसांचे आदेश वेळोवेळी निघतात, ते उगाच नाही. वांगणी-नेरळच्या पलीकडे कुठे गेलात आणि आकाश मोकळं असेल तर वापरा, तिथेही दोन-तीन सेकंदच.

घरच्या गच्चीसाठी दुसरी वस्तू सुचवतो. तिच्यातून आकाशात काहीच जात नाही. एक लाल एलईडी घ्या, त्यावर टाचणीचं भोक पाडलेलं फॉइल लावा. भोकासमोर, भिंगाच्या बरोबर नाभीअंतरावर, एक छोटं बहिर्गोल भिंग ठेवा. मी नातवाच्या खेळण्यातलं १० सेंटिमीटर नाभीअंतराचं वापरलं. भिंगाच्या वर ४५ अंशांत साधी काच बसवा, सूक्ष्मदर्शकाची पट्टी असली तर उत्तम. काचेतून आकाश बघितलं की ताऱ्यांमध्ये एक लाल ठिपका तरंगताना दिसतो. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी ठिपका त्या ताऱ्यावरून हलत नाही, आणि डोळा काचेला चिकटवावाही लागत नाही. हातभर मागे बुटक्या स्टुलावर बसून दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, मान सरळ. दोन सेलवर रेझिस्टर आधी १० किलोओहमचा लावला तर ठिपका डोळ्यात खुपत होता, मग ४७ चा लावला. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत. त्यातले चाळीस फेव्हिक्विकचे.

मेलबर्नला मुलाकडे सहा महिन्यांसाठी चाललोय. नातवंडांना तारे दाखवायला हिरवा पॉइंटर सोबत न्यावा का?
(सांगली)

नेऊ नका. ऑस्ट्रेलियात १ मिलिवॅटच्या वरचा हातात धरायचा लेझर परवानगीशिवाय आणता येत नाही, आणि तुमच्या पेनावर काय छापलंय याच्याशी कस्टमवाल्याला देणंघेणं नाही. तिकडचं आकाश तुम्हाला तसंही नवं असेल. मृग नक्षत्र उलटं दिसतं, अगस्त्य डोक्यावर येतो. पहिला महिना तुम्हीच शिका, मग नातवंडांना बोटाने दाखवा.

मी सहावीत आहे. आकाशदर्शनाला काकांनी लेझर दाखवला. किरण थेट रोहिणीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. पण रोहिणी तर खूप लांब आहे ना? मग किरण तिथेच का थांबला?
(सावंतवाडी)

बाळा, या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. किरण रोहिणीपर्यंत गेलेला नाही. रोहिणी ६५ प्रकाशवर्षं लांब आहे. तू आज सोडलेला किरण तिथे पोचेल तेव्हा तुझे केस पांढरे झालेले असतील.

तुला जी हिरवी रेघ दिसते ती किरण नव्हे. किरणातला अगदी थोडा प्रकाश वाटेतल्या हवेच्या कणांवर आणि धुळीवर आपटून तुझ्या डोळ्याकडे वळतो, ती ही रेघ. हिरवा प्रकाश असा लालपेक्षा दुपटीहून जास्त विखुरतो, शिवाय अंधारात डोळ्याला हिरवा जास्त समजतो. म्हणून लाल लेझरची रेघ दिसत नाही, नुसता भिंतीवर ठिपका. वर जाता जाता हवा विरळ होते, रेघ फिकट होते. आणि रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे दिसतात ना, तशी ही रेघही लांब जाता जाता एका बिंदूत मिळाल्यासारखी दिसते. तिथे ती संपली असं वाटतं.

आता यातली मजा बघ. बोटाने तारा दाखवला तर शेजारच्याला भलताच दिसतो, कारण बोट हातभर अंतरावरच संपतं. लेझरची रेघ काही किलोमीटर वर जाते, म्हणून पाच-दहा मीटर लांब बसलेल्यांनाही ती त्याच ताऱ्यावर टेकलेली दिसते. तुझ्याजवळच अंबोली आहे. धुक्याच्या रात्री काकांना घेऊन तिथे जा. धुक्यात रेघ थोड्याच अंतरावर संपेल. मग तू काकांजवळ उभी राहा, मैत्रिणीला दहा पावलं लांब उभी कर आणि रेघेचं टोक कुठे आहे ते दोघी एकदमच हाताने दाखवा. हात वेगवेगळ्या दिशांना जातील.

धुकं नसलेल्या रात्री किरण चंद्राकडे सोडला तर तो १.३ सेकंदांत पोचतो, पण तोवर पसरून सुमारे ३८५ किलोमीटर रुंद झालेला असतो. सावंतवाडीपासून सरळ रेषेत मुंबई आणि जरा पुढे, एवढा. एवढा पसरला म्हणजे तिथून तो दिसणारही नाही. मोठमोठ्या दुर्बिणींतून सोडलेला लेझर मात्र चंद्रावरून परत येतो, कारण तिथे माणसांनी मुद्दाम ठेवलेले आरसे आहेत. पहिला १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी ठेवला. आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवरही नासाचा असा एक छोटा परावर्तक बसवलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्यावर लेझर मारला आणि तो परत आलेला टिपला.

अंबोलीचा प्रयोग केलास तर कोण कुठे उभं होतं आणि कुणाचा हात कुठे गेला, याचं चित्र काढून पाठव. पुढच्या अंकात छापू.